विमान, आगगाडी आणि मिशनरीचे घर : पालघर–डहाणू परिसराच्या भाषिक इतिहासातील एक प्रश्न

ख्रिस्ती मिशनच्या कार्यात विमानाचा पद्धतशीर उपयोग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाला. युद्धात वैमानिक म्हणून काम केलेल्या काही तरुणांनी १९४५ मध्ये अमेरिकेत एक संघटना स्थापन केली. तीच पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या वतीने पहिले उड्डाण केले ते एका स्त्रीने. बेटी ग्रीन या युद्धकाळात अमेरिकेच्या स्त्री-वैमानिक दलात होत्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये त्या एका जुन्या दुपंखी विमानातून कॅलिफोर्नियाहून मेक्सिकोला गेल्या, आणि तेथे त्यांच्या विमानाने ज्यांची ने-आण केली ते लोक रूढ अर्थाने धर्मोपदेशक नव्हते; ते भाषांचे अभ्यासक होते. अरण्यातील अलिखित भाषांची ध्वनिव्यवस्था निश्चित करावी, त्यांना लिपी द्यावी आणि मग त्यांत बायबलचे भाषांतर करावे, असा वायक्लिफ संस्थेचा क्रम होता. या संस्थेचे प्रवर्तक विल्यम कॅमेरून टाउनसेंड हे १९४७ मध्ये दक्षिण मेक्सिकोतील शिक्षणतळावरून पत्नी व तान्ह्या मुलीसह विमानाने निघाले असता ते विमान कोसळले. पतिपत्नी दोघेही जबर जखमी झाली, मूल वाचले. आपल्या माणसांसाठी आपलीच विमाने आणि आपलेच वैमानिक असले पाहिजेत, या त्यांच्या निश्चयाला या अपघाताने धार आली आणि पुढच्याच वर्षी त्या संस्थेची स्वतंत्र विमानशाखा निघाली.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हा योगायोग मानून सोडून देऊ नये. पाइक आणि नायडा यांच्या ग्रंथांवरून आपल्याकडच्या एका पिढीने वर्णनात्मक भाषाशास्त्राचे पहिले धडे घेतले. त्या ग्रंथांतील उदाहरणांचा मोठा भाग याच संस्थेच्या क्षेत्रकार्यातून आलेला आहे, आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातील जी सामग्री पुढे या शास्त्राला मिळत गेली तिचा बराचसा भाग छोट्या विमानांच्या आधारावाचून गोळा होणे कठीण होते. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय ॲमेझॉन नसून उत्तर कोकण हा आहे. मिशनची विमाने जेथे कधीच आली नाहीत, त्या पालघर, बोईसर-तारापूर आणि डहाणू या पट्ट्यात मिशनरी कुटुंबे कशी राहिली, आणि त्यांच्या राहण्याचा तेथील वारली बोलीच्या भवितव्याशी काही संबंध पोहोचतो काय, हा प्रश्न आहे. त्यासाठी आधी विमानाने मिशनरीच्या घरात नेमका काय पालट घडविला ते पाहिले पाहिजे.

इक्वेडोरमधील नेट सेंट यांचे घर या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९४८ पासून ते शेल मेरा या ठिकाणी वैमानिक म्हणून काम करीत होते. हे गाव मुळात एका तेलकंपनीचा तळ. कंपनीचे नावच गावाला चिकटलेले. तेथून अरण्यातील ठाणी विमानाने काही मिनिटांवर होती. पायी गेल्यास त्याच अंतराला कित्येक दिवस लागत. पती हवेत असताना पत्नी मार्जरी बिनतारी यंत्रापाशी बसत. विमान कोठे पोहोचले, ढग कोणत्या बाजूने येत आहेत, कोणत्या ठाण्याला औषध हवे, कोठे पीठ संपले, या साऱ्याची नोंद त्याच ठेवीत. मुलांचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचेही त्याच पाहत. म्हणजे वैमानिकाचे घर हेच कार्यालय होते आणि गृहिणी ही त्या कार्यालयाची अर्धी यंत्रणा होती. ही व्यवस्था केवळ सोयीची नव्हती. अरण्यात दूर राहणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाला रोज ठरल्या वेळी मनुष्याचा आवाज ऐकू येई, आणि मूल आजारी पडले तर विमान येईल अशी खात्री असे. या खात्रीमुळेच बायकामुलांसह तेथे वर्षानुवर्षे राहणे शक्य झाले. मुले शाळेच्या वयाची झाली की त्यांना क्विटोच्या वसतिगृहात धाडावे लागे, हे खरे. विमानाने तो वियोग टाळला नाही. परंतु निदान आईबाप भाषेच्या गावातच राहिले.

याच विमानाच्या इतिहासात भाषेने एक कठोर धडाही दिला आहे. वाओरानी या जमातीशी संपर्क साधण्यासाठी सेंट यांनी १९५५ च्या अखेरीस तिच्या वस्तीवर फेऱ्या मारून, विमान वर्तुळाकार फिरवीत, दोरीला बांधलेल्या पात्रातून भेटी खाली सोडल्या. वरून ध्वनिक्षेपकातून मैत्रीची वाक्ये ओरडून सांगितली जात. ही वाक्ये दायूमा नावाच्या एका वाओरानी स्त्रीकडून शिकून घेतलेली होती. पण ती बालवयातच जमात सोडून आलेली आणि अनेक वर्षे क्वेचुआ भाषकांत राहिलेली होती. शिवाय ज्या नावाने त्या जमातीचा उल्लेख होई, ते ‘औका’ हे नावही क्वेचुआ भाषेतील, आणि त्याचा अर्थ ‘रानटी’. ८ जानेवारी १९५६ रोजी सेंट आणि त्यांचे चार सहकारी भाल्यांनी मारले गेले. त्या मृत्यूचे कारण चुकीचे उच्चार हे होते असे कोणी म्हणणार नाही. पण भाषा हवेतून टाकता येत नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले. १९५८ मध्ये मारल्या गेलेल्यांपैकी एकाची विधवा एलिझाबेथ एलियट आपल्या लहान मुलीसह, आणि सेंट यांची बहीण रेचेल, दायूमाच्या सोबतीने त्याच वस्तीत जाऊन राहिल्या. वाओरानी भाषेचा खरा अभ्यास पुढे या निवासातून वाढत गेला. रेचेल सेंट यांचे बहुतेक उरलेले आयुष्य त्याच लोकांत गेले, आणि १९९२ मध्ये त्या भाषेत नवा करार प्रसिद्ध झाला. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विखुरलेले लोक मिशनच्या आश्रयाने एका ठिकाणी गोळा झाले, तेलकंपन्यांना रान मोकळे होत गेले, आणि १९६९ मध्ये त्या दाट वस्तीत पोलिओची साथ आली. भाषेचे ग्रंथ झाले, त्याची किंमत कोणी दिली हा प्रश्न राहतोच.

आता पालघरकडे वळावे. मुंबईच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या या गावाला अरण्य अनोळखी नाही. पूर्वेकडे मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा असा डोंगराळ मुलूख चढत जातो आणि त्यात वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे विखुरलेले आहेत. पावसाळ्याचे चार महिने सूर्या आणि वैतरणा यांच्या खोऱ्यांतील वाटा पूर्वी बंदच होत. मिशनच्या वैमानिकाला जी भूमी आपली वाटावी तशीच ही आहे. पण तिच्या पश्चिम कडेने, समुद्र आणि डोंगर यांच्या मधल्या अरुंद पट्टीतून, १८६४ मध्ये मुंबई–सुरत लोहमार्ग सलग झाला. पालघर, बोईसर, डहाणू रोड ही स्थानके या मार्गावरची. डहाणू रोड हे नावच बोलके आहे; जुने डहाणू समुद्रकाठी राहिले आणि स्थानकाभोवती नवे गाव वसले. बोईसर आणि तारापूर यांचेही तसेच झाले. किल्ला, बंदर आणि इतिहास तारापूरकडे. गाडी मात्र बोईसरला थांबणार.

या इतिहासात मिशनचा एक जुना थर आहे आणि तो तुलनेसाठी उपयोगी आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे आली आणि त्यानंतर किनाऱ्यावरची ठाणी एकामागून एक त्यांच्या सत्तेखाली गेली. तारापूर हे त्यांतले एक महत्त्वाचे ठाणे. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ते घेतले. त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, हे मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला ठाऊकच आहे. मधल्या दोन शतकांत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर राहिलेल्या पाद्र्यांनी तेथल्या लोकभाषेची दखल घेतली. फ्रान्सिश्कु वाझ द गिमारांइश यांचे १६५९ चे ख्रिस्तचरित्रपर पुराण उत्तरेकडील ख्रिस्ती समाजात वाचले-गायले जाई. याहून लक्षणीय म्हणजे सतराव्या शतकातील एका पोर्तुगीज मिशनऱ्याने या उत्तरेकडील बोलीचे एक स्वतंत्र व्याकरणच लिहून ठेवले होते. कर्त्याचे नाव उपलब्ध नाही. कुन्या रिवारा यांनी ते १८५८ मध्ये गोव्यात छापून प्रसिद्ध केले. ग्रंथाच्या नावात ‘कोंकणी’ असा शब्द असला तरी वर्णन उत्तर कोकणातील बोलीचे आहे. प्रमाण मराठीला इतक्या जवळच्या बोलीचे वेगळे व्याकरण लिहावे असे त्या पाद्र्याला का वाटले? उत्तर साधे आहे. तो त्या गावांत राहत होता, पापनिवेदन ऐकत होता, आणि पुण्याच्या शिष्ट मराठीशी त्याला काही कर्तव्य नव्हते. तथापि त्याची ही भाषा किनाऱ्याची, म्हणजे शेती, मासेमारी व बागायत करणाऱ्यांची होती. डोंगरातल्या वारल्यापर्यंत तो पोहोचल्याचे त्या व्याकरणावरून दिसत नाही.

तेथपर्यंत पोहोचून काही लिहून ठेवणारा पहिला महत्त्वाचा मिशनरी म्हणजे स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन. १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कोकणातील वारली व कातोडी या दोन वन्य जातींविषयी त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात वारल्यांशी झालेली प्रश्नोत्तरे दिली आहेत. देव कोण, वाघ्याला काय देता, मेल्यावर माणूस कोठे जातो, अशा धर्तीचे प्रश्न आणि त्यांना मिळालेली मोकळी, किंचित मिस्कील उत्तरे पुढच्या अनेक मानवशास्त्रीय ग्रंथांत उद्धृत झाली. पण भाषाभ्यासकाच्या पदरी त्या संवादातून फारसे काही पडत नाही, कारण तो संवाद इंग्रजीत आहे. विल्सन यांचे प्रश्न मराठीत झाले असणार; उत्तरे कोणत्या रूपांत, कोणत्या प्रत्ययांनी आली, ते कागदावर उतरले नाही. माणूस भेटला, त्याचे मत नोंदले गेले, त्याची बोली मात्र वाटेत गळाली. शीतकाळात मुक्कामामागून मुक्काम करीत पुढे जाणाऱ्या प्रवाशाकडून याहून अधिकाची अपेक्षाही करता येत नाही.

विल्सन यांच्या घराची हकीकत येथे अप्रस्तुत नाही. ते आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२९ मध्ये आले आणि पहिले काही महिने दोघांनीही बाणकोट व हर्णै येथे राहून मराठी शिकण्यात घालविले. मुंबईत आल्यावर मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि पती दौऱ्यावर असताना मिशनचा पत्रव्यवहार व देखरेख त्यांच्याचकडे असे. १८३५ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या मुलांपैकी अँड्रू पुढे लेखक व प्रवासी म्हणून नावारूपाला आला, पण त्याचे बालपण आईबापांपासून दूर स्कॉटलंडमध्ये गेले. शाळांचे काम पुढे चालविण्यासाठी मार्गारेट यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या. मिशनरी स्त्री ही त्या काळच्या अहवालांत बहुधा पतीच्या नावामागे दडलेली असते. परंतु मिशनचे दैनंदिन भाषिक व्यवहार, म्हणजे शाळेतल्या मुलींशी, आयांशी, दाराशी आलेल्या बायकांशी होणारे बोलणे, तिच्याच वाट्याला येत असत. शेल मेरा येथील बिनतारी यंत्रापाशी बसलेली स्त्री ही या परंपरेतलीच आहे.

पालघर परिसरातील मिशनरी कुटुंबांचा खरा कालखंड मात्र विल्सन यांच्यानंतर अर्ध्या शतकाने सुरू होतो. अमेरिकेतील चर्च ऑफ द ब्रेदरन हा मूळचा जर्मन वंशाचा, प्रौढ बाप्तिस्मा मानणारा, युद्धाला विरोध करणारा आणि बहुतांशी शेतकरी असलेला पंथ. त्याचे पहिले मिशनरी विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन हे १८९४ मध्ये निघाले व पुढील वर्षी त्यांनी वलसाड येथे ठाणे केले. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत ‘छप्पनिया’ म्हणतात, या मिशनकडे अनाथ मुले आली आणि कामाचा पसारा वाढला. शतकाच्या आरंभी अ‍ॅडम आणि अ‍ॅलिस ईबी यांच्यासारखी दांपत्ये डहाणूत आली. पुढे वाडा आणि पालघर येथेही ठाणी झाली. डहाणू रोडचे मिशन रुग्णालय पंचक्रोशीत प्रसिद्ध झाले, डॉ. बार्बरा निकी यांची दीर्घ सेवा तेथलीच. अशा रीतीने एकाच मिशनचे दोन भाषिक भाग पडले. उत्तरेकडे वलसाड, अंकलेश्वर, व्यारा येथे गुजराती, आणि दक्षिणेकडे डहाणू, पालघर, वाडा येथे मराठी. १९६० मध्ये राज्यांची सीमा आखली गेली, तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले व डहाणू महाराष्ट्रात राहिले. भाषेच्या दृष्टीने या रेषेचा अंदाज मिशनच्या वाटणीत साठ वर्षे आधीच बांधला गेला होता असे म्हणण्यास हरकत नाही.

या कुटुंबांचे वर्ष आगगाडीच्या वेळापत्रकावर आणि ऋतुमानावर बांधलेले असे. पाऊस सरल्यावर शेतीची कामे हलकी झाली की तंबू, खाटा, औषधांची पेटी बैलगाडीवर चढवून पुरुष मंडळी, कधी सारे घर, पाड्यांच्या दौऱ्यावर निघे. उन्हाळा तापला की स्त्रिया व मुले डोंगरावर जात. नव्याने आलेल्यांना मराठी शिकावी लागे. त्यासाठी महाबळेश्वरला उन्हाळ्यात भाषेचे वर्ग भरत आणि परीक्षा होत. गणपतराव नवलकर यांचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण अशा विद्यार्थ्यांच्या हाती असे. आता नवलकर हे मोठ्या योग्यतेचे व्याकरणकार, यात संशय नाही. पण त्यांनी वर्णिलेली मराठी ही मुंबई-पुण्याच्या सुशिक्षिताची मराठी होती. महाबळेश्वरच्या थंड हवेत ‘कोण’ आणि ‘डोळा’ घोटून आलेला मिशनरी पालघरला उतरला की त्याला ‘कोन’ आणि ‘डोला’ ऐकू येई. उत्तर कोकणच्या कित्येक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो, हे वैशिष्ट्य त्याला बोलीचा नियम म्हणून कोणी शिकविलेले नसे. अशुद्ध उच्चार म्हणूनच तो त्याच्या कानी पडणार. नवशिक्याला शुद्धाशुद्धतेचा अभिमान जन्मजात भाषकाहून अधिक असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

मुलांची व्यवस्था हा या घरांतील सर्वांत नाजूक भाग. मसुरीजवळच्या लंढौर येथील वुडस्टॉक शाळा १८५४ मध्ये स्थापन झालेली. उत्तर व पश्चिम भारतातील अमेरिकन मिशनऱ्यांची मुले सहा-सात वर्षांची झाली की तेथे जात. दिल्लीमार्गे डेहराडून आणि तेथून डोंगर, असा तो प्रवास. हिवाळ्याच्या दीर्घ सुटीत घरी येत, वसंतात पुन्हा जात. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने घरात मूल नाही. आईने उन्हाळ्याचे काही आठवडे डोंगरावर घालवावेत आणि पावसाच्या तोंडावर एकटीने परतावे. आईबापांपासून दूर राहून मूल जे टिकवीत असे ते मुख्यतः इंग्रजी, म्हणजे ज्या देशात त्याला एक दिवस ‘परत’ जायचे होते त्या देशाची भाषा. आयांच्या मांडीवर शिकलेली मराठी किंवा गुजराती बहुधा डोंगरावर विरून जाई.

आणि याच वेळी त्याच मिशनच्या आवारात दुसरे एक वसतिगृह चाललेले असे. पाड्यांवरची मुले शिकावीत म्हणून त्यांना पालघर, डहाणू, वाडा येथील बोर्डिंगांत आणून ठेवीत. दिवाळीला किंवा लग्नसराईत ती घरी जात, पुन्हा येत. कित्येकांचे आईबाप सावकाराच्या वेठीत आणि कर्जाच्या गुलामीत अडकलेले. मुलाच्या पोटात दोन वेळा अन्न जाते, अंगावर कपडा येतो आणि अक्षर येते, हा लाभ लहान नव्हता. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी जो उठाव केला त्याच्या मागची परिस्थिती ज्याला ठाऊक आहे तो बोर्डिंगच्या अन्नाला नावे ठेवणार नाही. परंतु त्या बोर्डिंगात बोलली, शिकविली आणि गायली जाणारी भाषा प्रमाण मराठी होती. तारप्याच्या नाचाची, पालघट देवीच्या चौकाची, धवलेरीने लग्नात म्हणावयाच्या गाण्यांची भाषा तेथे दाराबाहेर राहिली. ती गाणी ख्रिस्ती घराला वर्ज्य, आणि ती बोली शाळेला वर्ज्य. एका आवारातल्या बंगल्यातून मूल इंग्रजीसाठी उत्तरेला जात होते आणि शेजारच्या कौलारू इमारतीत मूल मराठीसाठी डोंगरातून खाली येत होते. दोघांनाही आईची भाषा आणि शाळेची भाषा यांच्यामध्ये रुळांइतके अंतर पडलेले. फरक एवढाच की पहिल्याच्या आईची भाषा छापखान्याची होती.

येथे विमान आणि आगगाडी यांचा भेद स्पष्ट होतो. विमानाने मिशनरीचे कुटुंब अरण्यात ठेवणे शक्य केले. आगगाडीने ते अरण्यात न ठेवणे शक्य केले. स्थानकाशेजारी बंगला, रुग्णालय, शाळा आणि प्रार्थनामंदिर उभे राहिले की रोगी तेथे येई, मूल तेथे येई, आणि मिशनरी पाड्यावर जाई तो पाहुणा म्हणून. जो यावयाचा तो आपली बोली सोडून, बाजारात चालते ती भाषा घेऊन येतो. रुग्णालयाच्या ओसरीवरची वारली बाई ‘मडम’शी बोलताना आपले शब्द निवडूनच बोलणार. वाडा हे ठाणे लोहमार्गापासून आत होते, हा अपवाद खरा. पण त्याचे व्यवहार पालघर-डहाणूच्याच वळणावर चाललेले दिसतात.

या प्रतिपादनावर एक आक्षेप उघड आहे आणि तो दुर्बळ नाही. वाओरानी ही कोणत्याही ज्ञात कुळात न बसणारी, एकाकी भाषा. तिच्यासाठी स्वतंत्र लेखनाखेरीज गत्यंतर नव्हते. वारली ही मराठीच्या जवळची आर्यभाषिक बोली. जेथे वारल्याला मराठी बऱ्यापैकी समजते तेथे वेगळे व्याकरण आणि वेगळे भाषांतर यांचा खटाटोप कशासाठी? आक्षेपाचा पूर्वार्ध मान्य केला पाहिजे. पण जवळीक हे संपूर्ण कारण असते तर सतराव्या शतकातील त्या अनामिक पाद्र्याने व्याकरण लिहिले नसते. याहून जवळचा पुरावा चर्च मिशनरी सोसायटीच्या चार्ल्स टॉमसन यांचा आहे. खेरवाड्याच्या भिल्ल मुलखात, लोहमार्गापासून दूर, ते वीस वर्षे राहिले. भिली ही गुजरातीला तितकीच जवळची. तरीही १८९५ मध्ये अहमदाबादेत त्यांचे भिली भाषेच्या मूलतत्त्वांवरील पुस्तक छापले गेले. १९०० च्या दुष्काळात पटकीने त्यांचा तेथेच अंत झाला. तेव्हा भाषेचे नाते किती जवळचे, याइतकाच निवास किती आतला, हा प्रश्न निर्णायक ठरतो असे मानण्यास आधार आहे.

वारलीच्या वाट्याला असा टॉमसन आला नाही. तिची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद सरकारी पाहणीने केली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाडवळ, सामवेदी, कातकरी यांच्या सोबतीने वारलीची दखल आहे. या पाहणीसाठी देशभर जो पहिला नमुना-उतारा ठरविला होता तो शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त होय. मामलेदारांच्या आणि कलेक्टरांच्या कचेऱ्यांतून तो बोलीबोलींत उतरवून मागविण्यात आला. ख्रिस्ती वाङ्मयातील सर्वांत लोकप्रिय कथा या देशातील असंख्य अलिखित बोलींत आली ती पुष्कळदा मिशनच्या हातून नव्हे, तर महसूल खात्याच्या टपालातून, ही गोष्ट मौजेची आहे. घर सोडून दूर देशी गेलेल्या आणि परतलेल्या मुलाची ही कथा भाषाशास्त्रज्ञांनी प्रत्यय आणि विभक्ती यांच्यासाठी वाचली. पुढे १९४५ मध्ये के. जे. सावे यांचा वारल्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तोही इंग्रजीत, आणि तोही सरकारी सेवेत राहून या मुलखात वावरलेल्या गृहस्थाचा.

स्वातंत्र्यानंतर या भागात मिशनचे विमान येण्याचा प्रश्न उद्भवलाच नाही. परदेशी मिशनच्या खाजगी विमानांना सीमेपासून व किनाऱ्यापासून दूर ठेवण्याची राज्यकर्त्यांची वृत्ती स्वाभाविक होती. १९५६ च्या नियोगी समितीच्या अहवालानंतर मध्य प्रदेशात तर मिशनच्या साध्या हालचालींवरही वाद माजला. पण मुख्य कारण याहून साधे. येथे विमानाची गरजच नव्हती. अहमदाबाद आणि मुंबई यांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली तर ती जवळजवळ तारापूरवरूनच जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन आले ते अहमदाबादेहून मुंबईकडे याच दिशेने. आकाश मोकळे होते, पण खाली गाडी होती, पुढे मोटाररस्ता झाला, आणि १९६९ मध्ये तारापूरला अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसर स्थानकाचा कायापालट झाला. मिशनचे परदेशी मनुष्यबळ ओसरत गेले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताच्या चर्चची स्थापना झाली तेव्हा ब्रेदरन मंडळ्या तीत विलीन झाल्या. त्या विलीनीकरणावरून उठलेला मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालापर्यंत चालला. बंगला, शाळा, रुग्णालय यांची मालकी कोणाची, यावर चार दशके कागद झाले.

मुलाला शाळेकडे आणण्याऐवजी शाळा मुलाकडे नेण्याचा प्रयत्न या परिसरात झाला, तो मिशनबाहेर. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी अंगणातली बालवाडी काढली, आणि गुरांच्या मागोमाग जाणारी कुरणशाळा काढली. कोसबाडच्या बाया रात्री पाड्यांशेजारीच राहत होत्या. शेल मेराच्या विमानाने जे साधले त्यातला निवासाचा भाग येथे पायी साधला गेला. पण दगड, बिया, काड्या यांनी सुरू होणारा तो अभ्यास अक्षरांपाशी पोहोचला की हाती येणारे क्रमिक पुस्तक प्रमाण मराठीचेच असे.